सतरा नंबरचे हात

चहाचा कप सिंकमध्ये पडला. फुटला नाही. धाकटीने तो डाव्या हाताने उचलला आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मागे वळून बघितलं.

*

शर्टाला दोन बाह्या असतात हे सगळ्यांनाच माहीत असतं. त्यातली एक दुसरीपेक्षा जास्त जिवावर येते, हे फक्त शिवणारीला माहीत असतं.

*

फळा काढला तेव्हा भिंतीवर त्याच्या मापाचा एक स्वच्छ चौकोन उरला. बाकीची भिंत किती मळकी होती, ते त्या दिवशी कळलं.

*

विमानात एकाने शेजारच्याला सांगितलं, की शर्टाची किंमत कापडात नसते, बाहीत असते. शेजारचा झोपला होता.

*

"तुमच्यात भांडणं होतात का गं, जावाजावांत?"

"होतात की. मशिनीच्या आवाजात ऐकू येत नाहीत, म्हणून टिकलंय."

*

मनगटाच्या या दुखण्यात अंगठा आणि त्याच्या बाजूची बोटं झोपतात. करंगळी तेवढी जागी राहते. म्हणजे जिचा काही उपयोग नाही, ती.

*

आता नीट सांगायला हवं.

शर्टांचा कारखाना. वरच्या मजल्यावर बाहीचा विभाग, तिथे नऊ मशिनी आणि नऊ बायका. शर्टाच्या अंगाला बाह्या जोडायच्या, एवढंच त्यांचं काम. कॉलर खालच्या मजल्यावर, काज-बटण त्याच्याही खाली. या नऊजणींत दोघी सख्ख्या जावा, थोरली आणि धाकटी. घरातही त्यांना याच नावाने हाक मारायचे आणि कारखान्यातही. कागदोपत्री मात्र थोरली सोळा नंबर आणि धाकटी सतरा. नंबराचं कार्ड गळ्यात, टोपी डोक्याला आणि मास्क तोंडाला, कारण कापडाची धूळ उडते. नवख्या माणसाला नऊही जणी सारख्याच दिसायच्या.

घर म्हणजे बोळाच्या दोन्ही अंगांना एकेक भाड्याची खोली. अलीकडच्या खोलीत थोरली, तिचा नवरा आणि दोन पोरं. पलीकडच्या खोलीत धाकटी, तिची मुलगी आणि सासूबाई. धाकटीचा नवरा परदेशात उंच इमारतींना काचा बसवायला गेला होता. त्याचा फोन नेमाने यायचा, पैसे मनात आलं की यायचे. पलीकडची खोली चालायची ती धाकटीच्या पगारावर. तिची नोकरी गेली की खोली गेली, आणि खोली गेली की धाकटीने पोरीला घेऊन भावाच्या दारात उभं राहायचं. हे घरात कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण पाठ सगळ्यांना होतं.

आणि धाकटीचा उजवा हात दिवसेंदिवस कामातून चालला होता.

*

बाहीच्या विभागात एक रीत होती. बायका तिला 'झाकण' म्हणायच्या.

कुणी बाळंतपणातून उठून लगेच कामावर आलेली असे, कुणाच्या पोराला ताप असे, कुणाच्या नवऱ्याने रात्रभर डोकं खाल्लेलं असे. अशा बाईचं काम मागे पडणारच. मग शेजारीण आपलं शिवून झालेलं एक बंडल पायाने हळूच तिच्या मशिनीखाली सरकवायची. ते बंडल तिच्या नावावर लागायचं. देताना मान वर करायची नाही. देणारीने सांगायचं नाही, घेणारीने विचारायचं नाही, आणि आभार तर मुळीच मानायचे नाहीत. आभार मानले की तो उपकार झाला, आणि उपकार झाला की तो फेडेस्तोवर तोंड लपवत फिरायचं. त्यापेक्षा काही घडलंच नाही, हे बरं.

पूर्वी हे सगळं फळेबाईच्या डोळ्यांखाली चालायचं. फळेबाई दर तासाला प्रत्येकीची बंडलं मोजून फळ्यावर खडूने आकडा लिहायची. कोण कुणाला देतं ते तिला दिसायचं. एकीलाच दोघीतिघींनी दिलं, की ती अंगठ्याने एखादा आकडा पुसून जिचा तिच्याकडे परत वळता करायची आणि स्वतःशीच पुटपुटायची, "एका भांड्यावर किती झाकणं घालाल बयांनो!"

मग फळेबाईला फुलांचा गुच्छ आणि पाण्याची बाटली देऊन घरी पाठवलं. फळा काढला. प्रत्येक मशिनीवर तळहाताएवढा स्क्रीन आला. बंडल संपलं की त्याची चिठ्ठी स्क्रीनसमोर धरायची. 'टिक' असा आवाज यायचा, आकडा पुढे सरकायचा, आणि तो त्याच क्षणी समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी ऑफिसात दिसायचा म्हणे. स्क्रीनला आकडा पुसायला अंगठा नव्हता.

झालं ते असं. धाकटीचा हात अडखळतोय हे आठहीजणींना दिसलं. प्रत्येकीला वाटलं, आपल्या एकटीलाच दिसलंय. प्रत्येकीने एकेक बंडल सरकवलं. सांगायची रीत नाही, तेव्हा कुणी कुणाला सांगितलं नाही. एका भांड्यावर आठ झाकणं पडली. सतरा नंबरचा स्क्रीन आधी हिरवा झाला, मग त्याच्या कोपऱ्यात पिवळा तारा चमकला. साऱ्या कारखान्यात पहिला.

*

"जाऊबाई, आज परत तारा आला."

थोरली बोळात दोरीवरचे कपडे काढत होती. "बघितलं मी."

"निम्मी बंडलंही माझी नव्हती हो. पाय ठेवायला जागा उरत नाही मशिनीखाली."

"मग चार बंडलं टिक करू नकोस."

"आणि ठेवू कुठे? जेवणाच्या डब्यात? परत करायची म्हटलं तरी कुणाला करू? कुणाची ती कळायला नको?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "तारा आला तर रडता कशाला गं? लोकांच्या सुना शिव्या खाऊन येतात."

थोरलीने दोरीवरचा पुढचा कपडा ओढला. फळ्याच्या काळात वर्षानुवर्षं सगळ्यात वरचा आकडा तिचा असायचा. त्याचं कुणी कौतुक केलं नव्हतं, तारा तर फार लांबची गोष्ट. आता आपलंच बंडल सरकवून आपण धाकटीला तारा मिळवून देतोय, हे तिला माहीत होतं. तरी त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघून तिच्या छातीत काहीतरी टोचायचं. तिने स्वतःला त्याबद्दल मनातल्या मनात दोन शिव्याही घातल्या. टोचायचं थांबलं नाही.

*

जेवणाच्या सुट्टीत थोरलीने बडबडीला गाठलं. बडबडी म्हणजे पंधरा नंबर. तोंड आणि मशीन एकाच वेगाने चालवणारी.

"तू देतेस का गं तिला?"

"काय?"

"कळतंय तुला."

"मला माझं पुरेना, मी कशाला देऊ? तूच देत असशील, तुझी जाऊ आहे."

"मी नाही देत."

"मग मीही नाही देत."

थोरलीने एकेकीला विचारलं. कुणीच देत नव्हतं. सगळ्याजणी एकमेकींकडे निष्पाप चेहऱ्याने बघत जेवत होत्या. बंडलं बहुधा उंदीर सरकवत होते.

त्या दिवशी थोरलीने बंडल दिलं नाही. म्हटलं, आपण तरी थांबू. इतरांनीही तसंच ठरवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण बडबडीला वाटलं, थोरली ज्या अर्थी विचारतेय त्या अर्थी तिच्याच्याने देणं होत नसेल. तिने त्या दिवशी दोन सरकवली.

*

सुपरवायझरला बायका 'शिट्टी' म्हणायच्या, कारण तो बोलण्याआधी ओठांतून हवा सोडायचा. त्याच्याबरोबर एक तरुण यायचा, हेड ऑफिसचा. पहिल्यांदा आला तेव्हा हातात घड्याळ घेऊन मागे उभा राहिला होता, म्हणून तो घड्याळवाला. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांना ताई म्हणायचा, पंखा कुणाच्या अंगावर येत नाही ते बघून स्वतः वळवायचा.

घड्याळवाल्याने सगळ्यांना गोळा केलं.

"ताई, हा शर्ट तीन देशांत शिवला जातो. जिथे बाहीला कमी वेळ लागतो, तिथे पुढची ऑर्डर जाते. आणि तिन्ही ठिकाणांत सगळ्यात कमी वेळ आपल्या सतरा नंबरचा आहे. अभिनंदन!"

टाळ्या वाजल्या. धाकटीनेही वाजवल्या. तिच्या टाळीला आवाज आला नाही.

"उद्या सतरा नंबरच्या हातांचं चित्रीकरण करू. एकच बंडल, पहिल्या टाक्यापासून शेवटच्यापर्यंत. त्यावरून नवं टार्गेट ठरेल. इथलं आणि तिकडचंही. चेहरा घ्यायचा नाही, तसा नियमच आहे. फक्त हात."

शिट्टीने हवा सोडली. तो बारा वर्षं याच मजल्यावर होता. बाहीला किती वेळ लागतो हे त्याला न कळायला तो काही आंधळा नव्हता. पण सतरा नंबरचा तारा त्याच्याही नावापुढे लागला होता.

*

त्या संध्याकाळी दोघी जावा पाण्याच्या टाकीपाशी उभ्या राहिल्या, म्हणजे खोल्यांत ऐकू जाणार नाही.

"खरं सांगून टाकूया," धाकटी म्हणाली.

"काय सांगशील? माझ्या नावावर आठ बायकांचं काम लागलंय म्हणून? तू तर जाशीलच. आणि त्या आठजणींना काय हार घालतील? खोटे आकडे दिले म्हणून एका दारातून सगळ्यांना काढतील."

"मग उद्या मी बसून काय करू? दुसऱ्या बाहीला बोटं झोपतात माझी."

थोरलीने नळ बंद केला. "चेहरा घेणार नाहीत ना? मी बसते. तुझं कार्ड मला दे, माझं तू घाल. टोपी-मास्कात त्याला कोण ओळखू येतंय?"

धाकटीने खोल्यांकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "जाऊबाई, एक विचारू? आत्तापर्यंत तो आकडा खोटा आहे. तुम्ही शिवलंत तर तो खरा होईल."

"एक बंडल तर शिवायचंय. जीव तोडून एक बंडल कुणीही शिवेल."

"मग दिवसभर तसंच मागतील. आपल्याकडेही आणि त्या तिकडच्यांकडेही."

तिकडच्या बायका थोरलीच्या मनात त्या क्षणापर्यंत आल्याच नव्हत्या. आल्या, आणि तिने त्यांना बाजूला सारलं. आपल्याच पायाखाली जळतंय, तिकडचं कोण बघणार?

"अगं, मी थोडी हळू शिवेन," ती म्हणाली. "अगदी रेंगाळणार नाही, नाहीतर संशय यायचा. पण त्याला वाटेल, बाई कॅमेऱ्याला बुजली. आकडा खाली आला की सगळ्याच सुटल्या."

"नक्की?"

"तुझ्या पोरीची शपथ घेऊ का आता?"

"नको नको," धाकटी म्हणाली, आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

*

मशिनीच्या डोक्यावर फोन टांगला. थोरली सतरा नंबरचं कार्ड घालून सतरा नंबरच्या खुर्चीत बसली. शिट्टीने तिच्याकडे बघितलं, मग पंख्याकडे बघितलं.

"सतरा, चल, सुरू कर," तो पंख्याला म्हणाला.

चित्रीकरणात आवाज नको म्हणून बाकीच्या मशिनी बंद केल्या होत्या. एवढ्या वर्षांत थोरलीने एकटी मशीन चालताना कधी ऐकलीच नव्हती. नेहमी सगळ्यांचा मिळून एक गोंगाट असायचा, त्यात आपली कुठली ते कळायचं नाही. आज कळलं. पायाखालचं पेडल दाबलं की आवाज उठायचा आणि सोडलं की थांबायचा, अगदी तिच्या मनासारखा. कापड चांगलं होतं. सुई नवी होती. बाहीची गोलाई अंगाच्या गोलाईवर बसत होती, आणि ती बसवणारे हात वरून कुणीतरी बघत होतं.

पहिला शर्ट तिने ठरवल्याप्रमाणे हळू शिवला.

दुसऱ्याला हात तिच्याआधी निघाले. तिने स्वतःला बजावलं, पुढच्यापासून हळू. पुढचा आला आणि गेला. मग म्हणाली, हा एवढा झाला की हळू. तोही गेला. धाकटीचं हसू तिला आठवत होतं, बोलणंही आठवत होतं, विसरली असं म्हणायला जागाच नव्हती. पण हात सुटले होते. ज्या वरच्या आकड्याची कुणी कधी दखल घेतली नाही, तो आकडा या हातांचा होता आणि आज हातांना ते सांगून टाकायचं होतं. काय वाट्टेल ते होवो.

बंडल संपलं. घड्याळवाल्याने फोन काढून बघितला, परत बघितला.

"ताई," तो म्हणाला, "हा वेळ तर स्क्रीनवरच्यापेक्षाही कमी आहे!"

थोरलीने वर बघितलं. सोळा नंबरचं कार्ड घातलेली धाकटी समोरच उभी होती. मास्कच्या वर फक्त डोळे. त्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

घरी जाताना वाटेत धाकटी एवढंच म्हणाली, "छान शिवलंत."

*

नवं टार्गेट आलं. ते स्क्रीनवर लाल अक्षरांत यायचं आणि दिवस संपेस्तोवर लालच राहायचं.

मशिनीवर बडबडीचं तोंड बंद झालं. मशिनींखाली बंडलं सरकायची थांबली. रीत कुणी मोडली नाही, तसं कुणी ठरवलंही नाही. द्यायला कुणाकडे काही उरलंच नव्हतं. नऊही जणींना एकेक झाकण हवं होतं आणि झाकणं घालणाऱ्या त्याच नऊजणी. थोरलीलाही ते टार्गेट पुरं करता यायचं नाही. एखाद्या दिवशी जवळ जायची, आणि घरी आली की पोरांनी मारलेली हाकही तिला शिवणीसारखी टोचायची.

सतरा नंबरचा स्क्रीन तर सकाळपासून लाल असायचा. हीच का ती ताऱ्यावाली, म्हणून वरून विचारणा झाली. शिट्टीने धाकटीला आधी खालच्या मजल्यावर धागे कापायला पाठवलं. कात्री धरायलाही अंगठा लागतोच. मग एका सकाळी फाटकावरच्या यंत्राला तिचं कार्ड लागेना. तिने ते पुसून पुन्हा लावलं, उलटं करून लावलं. मागे रांग तुंबली. थोरली रांगेतच होती. थोरलीचं कार्ड लागलं.

"जा तुम्ही," धाकटी म्हणाली. "हजेरी चुकेल."

थोरली आत गेली.

*

धाकटी खाली धागे कापत होती त्या काळात एक दिवस जेवणाच्या खोलीतल्या टीव्हीवर काहीतरी दाखवलं. 'तुमच्या परदेशातल्या बहिणी', असं त्यावर लिहिलं होतं. एक मोठं दालन, तसेच ट्यूबलाइट, तशाच टोप्या, तसेच मास्क. भिंतीवर भलाथोरला पडदा आणि पडद्यावर दोन हात, बाही जोडत होते, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यांखाली बसलेली एक बाई शिवता शिवता मान वर करून त्या हातांकडे बघत होती. क्षणभरच, मग खाली.

"बाई गं," बडबडी म्हणाली, "या आपल्याला काय काय म्हणत असतील!"

"भाषा वेगळी असते त्यांची," कुणीतरी म्हणालं.

"असेना. शिव्यांना काय, सूर कळतो."

सगळ्याजणी हसल्या. थोरलीने आपले हात टेबलाखाली घेतले. ती पडद्यावरच्या हातांकडे बघत नव्हती. त्या बाईने मान वर केली तेव्हा मास्कच्या वर जे डोळे दिसले, ते तिने ओळखले होते.

*

पलीकडची खोली रिकामी केली. सासूबाईंची खाट बोळातून अलीकडे आणताना दारात अडकली, ती तिरकी करून घ्यावी लागली. धाकटीचा भाऊ टेम्पो घेऊन आला. त्याने सामान चढवलं, पण पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला नाही, हे थोरलीच्या लक्षात आलं.

"येत जा गं," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या.

"येईन की," धाकटी म्हणाली. उजवा हात तिने पोरीच्या खांद्यावर नुसता ठेवला होता, वस्तू ठेवावी तसा.

थोरलीला बरंच बोलायचं होतं. 'माझं चुकलं' म्हणावं, तर धाकटी 'नाही हो, माझ्यासाठीच केलंत' म्हणणार, आणि ते निम्मं खरं असणार. उरलेलं निम्मं बोलायला तिला शब्द सापडेनात. टेम्पो सुरू झाला. धाकटीने डाव्या हाताने दार ओढून घेतलं.

पुढल्या हंगामाची ऑर्डर आली. त्याच्या पुढली आली नाही.

*

चित्रीकरणाच्या दिवशी, मशिनी बंद करायला सांगण्याआधी, घड्याळवाल्याने बाहीच्या नऊजणींना विचारलं होतं, की हा आकडा कुणाला जास्त वाटतोय का. त्याने बराच वेळ वाट पाहिली होती. कुणीच काही बोललं नव्हतं.